ऐकणारे होतेच, मोजणारे नव्हते

रॅपरच्या यशाची एक ठरलेली गोष्ट आपल्याला आता पाठ झाली आहे. दहा बाय दहाची खोली, दाराशी वाहणारं गटार, आत वही घेऊन बसलेला एक चिडलेला मुलगा. त्याच्या ओळी मोबाइलवरून गावभर पोचतात आणि बघता बघता तो चार्टवर झळकतो. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झालेल्या झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’ने या गोष्टीवर शिक्कामोर्तब केलं, आणि पुढच्या वर्षी १३ फिल्मफेअर पुरस्कार मिळवून तिला प्रतिष्ठाही दिली. गोष्ट म्हणून ती चांगलीच आहे, पण कारणमीमांसा म्हणून लंगडी पडते. गरिबी, राग आणि शब्दांवरची हुकमत मुंबईच्या आसपास गेली शंभर वर्षं मुबलक आहे. मग त्यातून चार्टवर जाणारी मुलं नेमकी गेल्या दहाएक वर्षांतच का निघाली? या प्रकरणाचं म्हणणं असं की, रस्त्यावरच्या गाणाऱ्याचं वर येणं मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. गाणं ध्वनिमुद्रित करायला किती पैसे लागतात, ही पहिली. ऐकणाऱ्यांची मोजदाद कोण आणि कशी करतं, ही दुसरी. प्रतिभा लागतेच, पण ती या दोन्हींच्या आधीपासून तिथे असते. हे तपासून पाहायला धारावी आणि कुर्ला ही नेहमीची ठिकाणं सोडून ठाणे, कल्याण, डोंबिवली हा पट्टा घेऊ. झोपडपट्टी ते सिनेमा अशी सरळ रेघ इथे सापडत नाही, म्हणूनच कारणं सुटी करून पाहता येतात.

आधी रॅपच्या जन्मगावी जाऊन येऊ. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्क याने आपल्या बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून हाच दिवस धरतात. त्यानंतर सहा वर्षं ही कला तिथल्या गल्ल्यांत, बागांत आणि हॉलमध्ये जोमाने वाढली, पण चार्टवर तिचा मागमूस नव्हता. १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणं आलं आणि अमेरिकेच्या पहिल्या चाळीसांत पोचलं. ते गाणाऱ्या शुगरहिल गँगमधली तिन्ही मुलं ब्राँक्सच्या त्या मैफिलींतली नामांकित मंडळी नव्हती. न्यू जर्सीत रेकॉर्ड कंपनी चालवणाऱ्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी ती जमवली होती, आणि त्यांतल्या एकाने म्हटलेल्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्सच्या रॅपरच्या वहीतल्या होत्या. कॅझच्या वाट्याला त्यातून काही आलं नाही. म्हणजे रस्त्यावरची कला पहिल्यांदा चार्टवर गेली ती रेकॉर्ड कंपनीच्या दाराजवळ असलेल्यांच्या तोंडून. दुसरा दाखला मोजदादीचा आहे. मे १९९१ पर्यंत ‘बिलबोर्ड’ची अल्बमची यादी दुकानदारांनी सांगितलेल्या अंदाजांवर बनायची. मग गल्ल्यावर बारकोड वाचून नोंदलेली खरी विक्री धरायला सुरुवात झाली, आणि जूनमध्येच एन.डब्ल्यू.ए. या लॉस एंजेलिसच्या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. महिन्याभरात अमेरिकेतल्या श्रोत्यांची आवड पालटली असं कुणी म्हणणार नाही. पालटली होती ती मोजायची रीत.

आपल्याकडचा क्रम याच्याशी बराच जुळतो. अंधेरीच्या जे. बी. नगरातला डिव्हाइन, म्हणजे विवियन फर्नांडिस, आणि कुर्ल्याचा नेझी, म्हणजे नावेद शेख, हे दोघे ‘गली बॉय’च्या आधीची कित्येक वर्षं गात होते. नेझीचं ‘आफत’ २०१४चं. ते त्याने आयपॅडवर रेकॉर्ड केलं होतं आणि त्याचा व्हिडिओही आयपॅडवरच चित्रित केला होता. दोघांचं मिळून ‘मेरे गली में’ २०१५ साली आलं. देशभर घरोघरी पोचलं ते मात्र चार वर्षांनी आलेलं ‘अपना टाइम आएगा’. त्याच्या शब्दांत आणि संगीतात डिव्हाइनचा वाटा असला, तरी आवाज होता रणवीर सिंहचा. याचा कुणाला दोष द्यायचं कारण नाही. रणवीरने ते उत्तमच म्हटलं आहे, आणि त्या सिनेमामुळे अनेक खऱ्या रॅपरना कामंही मिळाली. तरीही नोंद घ्यायची ती अशी की, रस्त्यावरच्या शब्दाला चार्टवर जाताना इथेही आधी दुसऱ्याचा गळा लागला.

आता आपल्या पट्ट्याकडे वळू. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि तेव्हापासून या भागाचं नशीब रुळांशी बांधलं गेलं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी कल्याणजवळ बसली आणि तिचं उल्हासनगर झालं. भिवंडीत यंत्रमाग आले, मुंब्र्यात उर्दूभाषक वस्ती वाढली. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा लालबाग-परळच्या चाळीतली हजारो कुटुंबं स्वस्त घराच्या शोधात डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडे सरकली. या सगळ्यांच्या आधीपासून इथे गावठाणांतले आगरी आणि कोळी होतेच. २०११च्या जनगणनेत ठाणे शहरात १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाख ४७ हजार माणसं मोजली गेली. मुंबईचं ‘झोपायचं गाव’ म्हणून या शहरांना हिणवलं जातं, पण गाण्याच्या बाबतीत ती कधीच झोपलेली नव्हती. सकाळच्या लोकलमध्ये टाळ वाजवणारी भजनी मंडळं, लग्नात धवले म्हणणाऱ्या आगरी धवलारणी, हळदीच्या रात्रीची बेंजो पार्टी, १४ एप्रिलच्या जयंतीला रात्रभर चालणारे भीमगीतांचे आणि कव्वालीचे सामने हे सारं इथे होतं आणि आहे. तालावर नेमका शब्द टाकणाऱ्याला दाद देणारा श्रोता इथे रॅप यायच्या कितीतरी आधी तयार झाला होता.

रस्त्यावरून लोकप्रियतेच्या शिखरावर गेलेलं या पट्ट्यातलं पहिलं मोठं घराणं रॅपचं नाहीच. ते कल्याणच्या शिंद्यांचं. प्रल्हाद शिंदे गाऊन-वाजवून पोट भरणाऱ्या घरात १९३३ साली जन्मले, कव्वाली, भीमगीत आणि भक्तिगीत अशा तिन्ही प्रांतांत वावरले, आणि २००४ साली कल्याणलाच वारले. आजही आषाढीला आणि गणपतीत त्यांच्या आवाजावाचून महाराष्ट्राचं पान हलत नाही. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद यांनी ऐंशीच्या दशकात कॅसेटचा बाजार हलवून सोडला. आनंद शिंदे यांचा ‘पोपट’ तर राज्याच्या सीमा ओलांडून गेला. आदर्श शिंदे ही पुढची पिढी सिनेमात गाते आहे. ही झेप कॅसेटशिवाय कल्पनेतही येत नाही. त्याआधी रेकॉर्डच्या धंद्यावर एचएमव्हीची जवळपास मक्तेदारी होती, आणि तबकडी काढणं हा मूठभरांचा मान होता. कॅसेट आली तशी ध्वनिमुद्रण आणि नक्कल दोन्ही स्वस्त झाली, टी-सिरीज आणि व्हीनससारख्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि त्यांना रोज नवा माल हवा होता. जो गळा आधी फक्त मांडवात ऐकू यायचा, तो आता रिक्षात आणि पानाच्या टपरीवर वाजू लागला.

पण हे सगळं मोजलं कुणी? १९५२ साली सुरू झालेली आणि देशाला गाण्यांचे क्रमांक सांगणारी ‘बिनाका गीतमाला’ रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची मतं धरायची, आणि तिचा विषय होता हिंदी सिनेमाचं गाणं. चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या वाटेवर हातगाडीवर विकल्या जाणाऱ्या भीमगीतांच्या कॅसेटी त्या हिशेबात बसत नव्हत्या. जत्रेतली विक्री नोंदली जात नव्हती, आणि चोरून केलेल्या प्रतींची तर गणतीच नाही. एखादं गाणं अर्ध्या महाराष्ट्राला पाठ असायचं आणि वर्तमानपत्राच्या मनोरंजनाच्या पानावर त्याचा उल्लेखही नसायचा. आगरी-कोळी गाण्यांचीही तीच तऱ्हा. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतली एकही हळद ज्यांच्या गाण्यांवाचून पार पडत नाही, त्या गायकांची नावं दादरच्या पुढे फारशी ठाऊक नसायची. ‘दादूस’ संतोष चौधरी २०२१ साली मराठी ‘बिग बॉस’च्या घरात गेले, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला त्यांची ओळख झाली; या पट्ट्याला ती कधीच झालेली होती. लोकप्रियता आणि चार्टवरची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रॅपकडे वळण्याआधी पक्कं समजून घ्यायला हवं.

२०१४ ते २०१९ या काळात दोन्ही कड्या एकदम बदलल्या. रेकॉर्डिंगची कडी कशी सुटली, ते जरा जवळून पाहू. आज डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये गाणं करायचं तर एक जुना कंप्युटर, एफएल स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर, एक ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि हेडफोन एवढं पुरतं. घुमणारा आवाज मारायला भिंतीला गोधड्या टांगतात किंवा कपाटाचं दार उघडून कपड्यांकडे तोंड करून म्हणतात. पंखा बंद ठेवायचा, शेजारचा कुकर आणि खालून जाणारा भोंगा यांच्या मधली वेळ गाठायची. बीट बहुतेकदा यूट्यूबवरून उचललेली असते. एखाद्या नामवंताच्या शैलीत बनवलेली ‘टाइप बीट’ थोड्या पैशांत वापरायला मिळते, पण तिचा परवाना सगळ्यांना खुला असतो, म्हणून त्याच बीटवर आणखी पन्नास जण गात असतात. परवाना न घेताच गाणं चढवलं आणि ते चाललं, तर बीटवाला हक्क सांगतो आणि कमाई त्याच्या खात्यात जाते. सोळा बारचा एक अंतरा, मग हूक, मग पुन्हा सोळा. श्वास कुठे घ्यायचा हे आधीच ठरवावं लागतं, नाहीतर ओळ अर्ध्यात तुटते. मग ती तुकड्यांत रेकॉर्ड करून जोडतात, आणि स्टेजवर तीच ओळ सलग म्हणायची वेळ आली की पितळ उघडं पडतं. या सगळ्याला लागणारा पैसा एखाद्या बऱ्या मोबाइलच्या किमतीत बसतो. स्टुडिओच्या तासाच्या भाड्याने अडवून ठेवलेलं दार असं उघडलं.

दुसरी कडी मोजदादीची. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहणं ही चैन उरली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एमटीव्हीवर ‘हसल’ ही रॅपची स्पर्धा सुरू झाली. २०२२ साली ‘बिलबोर्ड’ने भारतासाठी वेगळी यादी काढली. आता गाण्याखाली आकडा दिसू लागला आणि तो कोणालाही पाहता येऊ लागला. जत्रेतल्या कॅसेटची नोंद न ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या जागी प्रत्येक ऐकण्याची नोंद ठेवणारी व्यवस्था आली. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये हिंदी ‘बिग बॉस’ जिंकला, तेव्हा अनेक सुशिक्षित घरांत ‘हा कोण?’ असा प्रश्न पडला. त्याचे श्रोते त्याआधीपासून लाखोंनी होते; मतदानाने ते इतरांना दिसले, एवढंच. जळगावकडच्या तांड्यातून आलेल्या संजू राठोड यांचं ‘गुलाबी साडी’ २०२४ साली देशभर वाजलं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं मराठी ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं. यांतलं एकही नाव मुंबईच्या एखाद्या संगीत कंपनीने खिडकीतून पाहून निवडलेलं नव्हतं.

कल्याणच्या वाट्याला या लाटेत जे ठळक नाव आलं, ते एका मुलीचं आहे. दीपा उन्नीकृष्णन, म्हणजेच डी एमसी, ही मल्याळी घरातली, कल्याणला वाढलेली मुलगी. इंग्रजी आणि हिंदीत रॅप करते, ‘गली बॉय’मध्ये छोट्या भूमिकेत दिसली, आणि ‘हसल’च्या २०२२ आणि २०२३च्या पर्वांत बादशाहच्या परीक्षणाखाली चार ‘स्क्वॉड बॉस’पैकी एक होती. तिची वाट समजून घ्यायची तर नकाशा समोर घ्यावा. मुंबईतली रॅपची सायफर, म्हणजे कोंडाळं करून आळीपाळीने म्हणायची बैठक, आणि बहुतेक क्लब आणि स्टुडिओ वांद्रे ते अंधेरी या पश्चिम रेल्वेच्या पट्ट्यात आहेत. कल्याण मुंबईच्या टोकापासून ५० किलोमीटरहून अधिक दूर आणि मध्य रेल्वेवर. दादरला गाडी बदलायची, परतीला शेवटची लोकल गाठायची. मुलगी असेल तर रात्री कार्यक्रम कधी संपतो यावर जायचं की नाही हे ठरणार. कुर्ल्याचा मुलगा जिथे रिक्षाने पोचतो तिथे कल्याणच्या मुलीला दिवस काढावा लागतो. अशा जागी राहणाऱ्याला घरी होणारं रेकॉर्डिंग आणि घरी बसून चढवता येणारं गाणं सगळ्यांत उपयोगी पडतं. कॅसेटने अंतर कमी केलं होतं. यूट्यूबने ते, निदान पहिल्या पायरीपुरतं, जवळपास पुसलं.

इथे पहिला आक्षेप येईल. डी एमसी कॉलेजात शिकलेली, इंग्रजी बोलणारी, नोकरदार वस्तीतली. तिला ‘रस्त्यावरची’ कसं म्हणायचं? आक्षेप रास्त आहे, पण तो या प्रकरणाच्या म्हणण्याला बळच देतो. ब्राँक्सपासून पाहिलं तर दार उघडतं तेव्हा सगळ्यांत आधी आत शिरतो तो दाराजवळ उभा असलेला. ज्याच्याकडे थोडं इंग्रजी आहे, महिन्याचा पास आहे, घरात एक तरी दार लावता येणारी खोली आहे, तो आधी पोचतो. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात बारा तास उभं राहणारा किंवा भिवंडीच्या मागावर रात्रपाळी करणारा पोरगा पोचायला वेळ लागतो, कारण त्याच्याकडे राग आणि शब्द असले तरी शांत असा एक तास नसतो. ‘गल्लीतून थेट शिखरावर’ ही गोष्ट हा फरक झाकून टाकते. ती ऐकून आपल्याला वाटतं, ज्याच्यात दम आहे तो येईलच वर. जो आला नाही, त्याच्यात दम नव्हता असा उलटा अर्थही मग आपण नकळत काढून मोकळे होतो.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. हे सगळं अमेरिकेचं उष्टं आहे, मराठी पोरांनी टोप्या उलट्या घालून केलेली नक्कल आहे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर देताना रॅपचे चाहते हटकून पोवाड्याकडे बोट दाखवतात. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख हेच आमचे पहिले रॅपर, असंही ऐकायला मिळतं. दोन्ही बाजू घाईत आहेत. रॅपची रचना, बीट आणि वेशभूषा बाहेरून आली यात शंका नाही, आणि शाहिरांना रॅपर म्हटल्याने शाहीरही मोठे होत नाहीत आणि रॅपही जुना होत नाही. हार्मोनियम युरोपातून आली, बेंजो म्हणून आपण वाजवतो ते वाद्य जपानच्या वाटेने आलं, आणि दोन्हींवाचून आज कीर्तन किंवा हळद उभी राहत नाही. प्रश्न मुळाचा नसून वापराचा असतो. स्वदेसी या मुंबईच्या गटाने २०१९ साली आरेच्या जंगलावर मराठीत रॅप केला, तेव्हा त्यात तिथले आदिवासी नेते प्रकाश भोईर सोबत होते. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ या नावाने जंगल-जमिनीवर गाते. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी ठसक्यात रॅप करतो. ज्यांना बोलायला दुसरं व्यासपीठ नव्हतं त्यांनी हाताशी आलेलं साधन उचललं, आणि उचलताना आपल्या बोलीच्या मापाने कापून घेतलं. नक्कल असती तर बोलीची गरज पडली नसती.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. मोजदाद प्रामाणिक झाली म्हणून गरिबाचं गाणं वर आलं म्हणता, पण हे आकडे तरी खरे कुठे आहेत? व्ह्यूज विकत मिळतात, जाहिरातीच्या जोरावर गाणं माथी मारता येतं. हे खरं आहे. जुलै २०१९ मध्ये बादशाहच्या ‘पागल है’ला पहिल्या चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं जाहीर झालं. जाहिरातीतून आलेले व्ह्यूज धरायचे की नाही यावर वाद पेटला, आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने अशा विक्रमांतून पैसे देऊन मिळवलेले व्ह्यूज वगळायचा नियम केला. शिवाय स्पॉटिफायवर कोणतं गाणं कोणत्या प्लेलिस्टमध्ये जाईल हे ठरवणारे संपादक असतात. एचएमव्हीच्या साहेबाच्या जागी हा नवा साहेब आला, इतकंच. तेव्हा मोजणी निष्पक्ष झाली, असा दावा इथे नाही. दावा एवढाच की ती बदलली, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी काही काळ फट राहते. मोठ्यांना नवी रीत उमगेपर्यंत त्या फटीतून छोटे आत येतात. कॅसेटची पहिली वर्षं शिंद्यांची होती. नंतर त्याच बाजारात मोठ्या कंपन्यांनी सिनेमाची गाणी ओतली. २०१४ ते २०१९ ही वर्षं तशीच होती. आज दर दिवशी इतकी गाणी चढतात की नवख्याला जाहिरातीचा खर्च टाळता येत नाही. म्हणजे रेकॉर्डिंगवर वाचलेला पैसा आता ऐकवण्यावर जातो.

आकड्यांनी पोट भरत नाही, हा त्याला जोडून येणारा मुद्दा. बहुतेक गाणाऱ्यांची खरी कमाई अजून कार्यक्रमांतून होते, आणि इथेच ठाणे जिल्ह्याचं वैशिष्ट्य आडवं येतं. इथला स्टेज उत्सवांचा आहे. शिवसेना नेते आनंद दिघे यांनी सुरू केलेली टेंभी नाक्याची दहीहंडी, तिच्या पाठोपाठ वाढलेल्या लाखोंच्या हंड्या, नवरात्र, गणपती, नेत्यांचे वाढदिवस. २०१२ साली जय जवान पथकाने नऊ थरांचा गिनेस विक्रम नोंदवला तोही ठाण्यातच. या मंचांवर स्थानिक गायकाला हजारोंचा जमाव आयता मिळतो, बिदागीही मिळते. मात्र मंच कुणाचा, हे पाठीमागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे याने आमदारांनी पन्नास खोके घेतल्याच्या राजकीय आरोपावर केलेला रॅप गाजला, तेव्हा युवासेनेच्या एका पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला तो याच जिल्ह्यातल्या अंबरनाथमध्ये. त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडे या रॅपरवरही एका गाण्यावरून गुन्हा दाखल झाला. गल्लीच्या कट्ट्यावर म्हटलेली ओळ कुणी मनावर घेत नाही. लाखोंनी ऐकलेली त्याच धाटणीची ओळ पोलीस ठाण्यापर्यंत जाते. मोजदादीने रॅपरला जसं श्रोत्यांना दाखवलं तसं सत्तेलाही दाखवलं. आणि ज्याची रोजीरोटी त्याच सत्तेच्या मांडवावर अवलंबून आहे, तो पुढचा अंतरा लिहिताना पेन जरा आखडतं घेणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर उपाय म्हणजे मांडवाबाहेरची कमाई, आणि तिथे कॅसेटच्या पिढीपेक्षा आजच्या पिढीची बाजू कायद्याने थोडी बळकट आहे. कॅसेटच्या काळात बहुतेक लोकगायक आणि गीतकार ठोक रक्कम घेऊन सही करायचे, मग कॅसेट लाखोंनी खपो की कोटींनी. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला वाटा त्यांच्याकडून कायमचा लिहून घेण्याला बंदी आली. २०१७ साली आयपीआरएस या संस्थेची नव्याने नोंदणी झाली आणि हा वाटा गोळा करून वाटण्याचं काम मार्गाला लागलं. रॅपरच्या दृष्टीने हे विशेष महत्त्वाचं, कारण तो बहुधा स्वतःच गीतकारही असतो. पण सभासद व्हायला हवं, गाणं नोंदवायला हवं, बीटच्या परवान्याचा कागद जपायला हवा, आणि गाणं चाललं की मागे लागणाऱ्या कंपनीचा करार वाचून घ्यायला हवा. ‘मास्टर’, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, कुणाच्या नावावर राहणार, किती वर्षांसाठी, हे दोन प्रश्न न विचारता केलेली सही म्हणजे ग्रँडमास्टर कॅझची वहीच.

म्हणून ‘रस्त्यावरून चार्टवर’ या प्रवासाकडे पाहायची नजर जरा बदलायला हवी. कल्याणच्या मांडवातून कॅसेटवर गेलेले शिंदे, भिवंडी-डोंबिवलीच्या हळदीतून यूट्यूबवर गेलेले आगरी गायक आणि कल्याणहून लोकल धरून ‘हसल’पर्यंत गेलेली डी एमसी यांच्या गाण्यांत साम्य शोधायला गेलं तर हाती फार लागणार नाही. त्यांच्या वाटेत मात्र आहे. प्रत्येकाच्या वेळी ध्वनिमुद्रण एका पायरीने स्वस्त झालेलं होतं, श्रोते आधीपासून बसलेले होते, आणि नव्या साधनावर अजून कुणाची पकड बसलेली नव्हती. या तीन गोष्टी जुळल्या तिथे माणसं वर आली. जिथे तिसरी निसटली, तिथे तितक्याच ताकदीची माणसं मांडवातच राहिली. त्यामुळे पुढच्या चमत्काराची वाट पाहत बसण्यापेक्षा काही साध्या गोष्टी करता येतील. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे गडकरी रंगायतन, अत्रे रंगमंदिर, सावित्रीबाई फुले कलामंदिर अशी नाट्यगृहं आहेत. तिथली एखादी खोली ध्वनिबंद करून तासाला नाममात्र भाड्याने द्यायला फार मोठा निधी लागत नाही. जो पोरगा रात्रपाळी करून सकाळी घरी येतो, त्याला तिथे तो एक शांत तास मिळेल, आणि त्या खोलीत कुणाचा फलक नसेल. चार्टवर कोण जाईल ते श्रोते ठरवतीलच. त्यांच्यासमोर उभं राहायची संधी कुणाला मिळते हे मात्र श्रोते ठरवत नाहीत, आणि महापालिकेच्या हातात असलेला भाग तोच आहे.